परीक्षेतलं मेडिएशन: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश शिकणाऱ्यांकडून हल्ली मेडिएशनबद्दल बरेच प्रश्न येतायत, त्यातले सहा आज घेते. ज्यांनी हा शब्द परीक्षेच्या संदर्भात ऐकलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुठेतरी वाचलेलं किंवा ऐकलेलं तिसऱ्या माणसाला त्याच्या कामाचं होईल असं पोचवायचं, मग ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत असो नाहीतर त्याच भाषेत सोपं करून. बस, एवढंच. पण मार्क जातात ते यातच.

प्रश्न: ताई, मी पुण्यात डाल्फ सी१ ची (फ्रेंचची परीक्षा, ए१ ते सी२ या सहा लेव्हलमधली वरून दुसरी) तयारी करतेय. सिंथेसिस मध्ये माझं फ्रेंच बरं असतं पण सर म्हणतात "हे सिंथेसिस नाहीये, दोन समरी चिकटवल्यात". मग करायचं काय नक्की?

सर बरोबर बोलतायत आणि हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. तुला दोन-तीन लेख मिळतात, सगळे मिळून साधारण १००० शब्दांचे, आणि त्यातून २२० च्या आसपास शब्दांचा एकच सलग मजकूर लिहायचा, साधारण २०० ते २४० चालतात. पेपरवरच लिहिलेलं असतं की क्रम तुमचा स्वतःचा हवा, दोन सारांश एकापुढे एक नकोत, बाहेरची माहिती नको आणि स्वतःचं मत नको. लेखातले की-वर्ड वापरलेले चालतात, अख्खी वाक्यं उचललेली चालत नाहीत.

गडबड कुठे होते माहितीये का, आपण लेख वाचता वाचताच लिहायला लागतो, मग साहजिकच पहिल्या लेखाचा क्रम आपल्या उत्तरात येतो आणि दुसरा लेख शेवटी शेपटासारखा लटकतो. त्यापेक्षा दोन्ही वाचून झाले की ते बाजूला ठेव आणि कागदावर फक्त मुद्दे लिही, समजा विषय घरून काम करण्याचा आहे तर मुद्दे निघतील वेळ, पैसा, एकटेपणा, कंपनीचा फायदा. आता प्रत्येक मुद्द्यासमोर पहिला लेख काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो, ते लिही. जिथे दोघांचं पटतंय ते एका वाक्यात उरकतं, जिथे भांडतायत तिथे खरं सिंथेसिस आहे, तुझे शब्द तिथे खर्च कर. काही मुद्दे एकाच लेखात असतील, ते महत्त्वाचे असतील तरच घे.

मताचं म्हणशील तर त्याच पेपरात पुढे निबंध असतो आणि तिथे मत द्यायचंच असतं, म्हणून डोकं एका मोडमधून दुसऱ्यात घालायला दोन मिनिटं घे, लगेच उडी मारू नकोस. आणि शब्द मोजताना दोन स्पेसच्या मध्ये जे काही आहे तो एक शब्द, "सेताडीर" (c'est-à-dire, म्हणजे "अर्थात") सारखं मध्ये डॅश असलेलं लांबलचक प्रकरणसुद्धा एकच. यावर पोरं उगाच घाबरतात.

प्रश्न: आम्ही म्युनिकला असतो. मुलगी ११वीत आहे, जर्मन बोलते तसं इंग्लिशही मस्त आहे, तरी इंग्लिशच्या श्प्राखमिटलुंग मध्ये, म्हणजे इथल्या मेडिएशनमध्ये, मार्क कमी. टीचरचा शेरा, "फार शब्दशः". मला तर तिचं ट्रान्सलेशन परफेक्ट वाटतं!

परफेक्ट ट्रान्सलेशन हाच प्रॉब्लेम आहे. जर्मनीत हा प्रकार नवीन नाही, आबिटूरच्या, म्हणजे तिथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, २०१२ च्या राष्ट्रीय मानकांमध्ये इंग्लिश-फ्रेंचसाठी श्प्राखमिटलुंग स्पष्ट आहे आणि १०वीच्या लेव्हलच्या मानकांमध्ये तर त्याच्याही आधीपासून होतं. पेपरात जर्मन मजकूर देतात आणि सोबत एक सिच्युएशन, की अमुक माणसाला अमुक कारणासाठी हे इंग्लिशमध्ये सांग. मुलं मजकुरावर तुटून पडतात आणि सिच्युएशनच्या दोन ओळी वाचतच नाहीत, खरं तर आधी वाचायच्या त्याच.

समजा जर्मन लेख आहे बाटल्यांच्या फांडवर, म्हणजे ते डिपॉझिट. तुम्ही तिथेच राहता, एकदा वापरून टाकायच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट, परत भरायच्या बिअरच्या बाटलीवर साधारण ८, हे तुम्हाला पाठ असणार. लेखात २००३ पासूनचा सगळा इतिहास आहे, मंत्री आहेत, दुकानदारांच्या तक्रारी आहेत. आणि सिच्युएशन अशी की अमेरिकेतल्या एका मैत्रिणीला तिच्या शाळेत असंच काहीतरी सुरू करायचंय, तिला ईमेल लिही. आता तिला मंत्र्यांशी काय घेणंदेणं? तिला हवंय की बाटली कुठे द्यायची, मशीन कसं चालतं, पैसे कधी परत मिळतात, आणि लोक खरंच बाटल्या परत आणतात का. म्हणजे लेखातला निम्म्याहून जास्त भाग गाळायचा. आणि उलट, लेखात नसलेलं एखादं वाक्य घालावं लागेल, कारण जर्मन वाचकाला "फांड" समजावून सांगायची गरज नसते पण अमेरिकन पोरीला असते. गाळणं आणि हे छोटंसं समजावणं, दोन्हीला मार्क असतात. भाषेचे वेगळे असतात आणि त्यांचं वजन राज्याप्रमाणे बदलतं, ते टीचरलाच विचारा.

घरी प्रॅक्टिस कशी? तिच्या आजीआजोबांना शाळेचं पत्र मराठीत सांगायला लावा, पण अट घाला की तीन वाक्यांत, आणि आजीला ज्याची काळजी आहे तेवढंच. हो, डॉक्टरकडे नेऊन पोरीला दुभाषी करू नका बरं का, ती जबाबदारी मुलांवर टाकायची नसते, हा माझा ठाम मुद्दा आहे आणि परीक्षेशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न: मी ठाण्यात जर्मनचे क्लास घेते, बी१ च्या बॅचला मेडिएशनची टेस्ट द्यायचीये. तपासायचं कसं? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, मी एकीला ७ देते आणि दुसरीला ५, नंतर मलाच कळत नाही का दिले.

या प्रश्नाचं उत्तर लांब होणार आहे कारण खरी अडचण इथेच आहे.

तपासणी बिघडते ती बऱ्याचदा प्रश्न काढतानाच. "खालील मजकुराचा सारांश लिहा" असा प्रश्न काढलात तर काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायला मुलांकडे काहीच नसतं, मग तुम्हीही मनातल्या मनात तुमच्या आवडीच्या मुद्द्यांना मार्क देता. म्हणून प्रश्नात माणूस हवा आणि त्याचं काम हवं. पुण्यातलंच उदाहरण घ्या: विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असल्याची पोलिसांची मराठी नोटीस आहे, बंद रस्त्यांची मोठी यादी, पार्किंग, पर्यायी मार्ग. तुमच्याकडे राहायला आलेल्या जर्मन पाहुणीला त्याच दिवशी सदाशिव पेठेतून संध्याकाळी स्टेशन गाठायचंय. तिला जर्मनमध्ये मेसेज लिहा. आता बघा, लक्ष्मी रोड बंद आहे हे आलंच पाहिजे, कुठून जायचं ते आलं पाहिजे, किती वाजता निघायचं ते आलं पाहिजे, आणि एवढे रस्ते का बंद आहेत हे एका वाक्यात आलं तर उत्तमच कारण तिला अनंत चतुर्दशी काय माहीत. ट्रकच्या पार्किंगची जागा आली तर? ती आली नाही पाहिजे!

दुसरं, मूळ मजकूर जर्मनमध्येच देणार असाल तर तो बी१ चा नको, ए२ चा द्या, नाहीतर तुम्ही वाचन तपासताय आणि मार्क मेडिएशनचे म्हणून देताय. ज्या पोरीला मजकूरच कळला नाही ती काय डोंबल पोचवणार.

मग पेपर हातात घेण्याआधी स्वतः उत्तर लिहा, अजून एकदोन शिक्षकांना लिहायला लावा, आणि सगळ्यांच्या उत्तरांत जे मुद्दे कॉमन आहेत ते "हवेतच" मध्ये टाका. जे एकाच्याच उत्तरात आहेत त्यावर भांडा, आत्ताच, पेपर तपासताना नको. त्यानंतर मी चार गोष्टींना वेगवेगळे मार्क देते: हवे ते मुद्दे आले का, नको ते गाळले का, ज्याला लिहिलंय त्याला झेपेल अशा शब्दांत आणि सुरात आहे का, आणि भाषा. भाषा एकदाच मोजायची हं. डेटिव्ह (जर्मनमधली एक विभक्ती) चुकला म्हणून भाषेत मार्क कापले आणि मग "सूर नीट नाही" म्हणून परत कापले, हे आपण सगळ्या शिक्षिका नकळत करतो. आणि अगदी बाळबोध जर्मनमध्ये पण पाहुणी गाडी पकडेल असा मेसेज लिहिला असेल तर पहिल्या तीन रकान्यांत तिला भरभरून द्या, हात आखडता घेऊ नका.

मजकुरातून जसंच्या तसं उचललेलं वाक्य हा वेगळा विषय. तारीख, ठिकाण, नाव उचललं तर ठीक, अख्खं वाक्य उचललं तर त्या वाक्याचे भाषेचे मार्क नाहीत, असा साधा नियम आधीच सांगून टाका म्हणजे वाद नाही. मूळ मजकूर मराठी ठेवलात तर हा प्रॉब्लेमच येत नाही, पण मग बॅचमध्ये मराठी न येणारं कोणी असेल तर त्याच्यावर अन्याय, तेव्हा त्याच नोटीशीची इंग्लिश कॉपी पण ठेवा.

प्रश्न: हे सगळं म्हणजे आपलं शाळेतलं सारांशलेखनच ना? नवीन नाव देऊन जुनीच दारू. उगाच फी वाढवायला.

अर्धं बरोबर आहे तुमचं. १०वीच्या मराठीत दिलेला उतारा एक तृतीयांश करायचा आणि इंग्लिशमध्ये इन्फर्मेशन ट्रान्सफर, म्हणजे तक्त्याचा परिच्छेद नाहीतर परिच्छेदाचा तक्ता, हे मेडिएशनच्या घरातलेच आहेत. फरक एवढाच की तिथे कोणासाठी लिहायचं ते नसतं, म्हणून उतारा सगळीकडून सारखा दाबायचा असतो, भिजलेला टॉवेल पिळल्यासारखा.

नवीन म्हणाल तर तेही नाही. सीईएफआर, म्हणजे ती ए१ ते सी२ वाली युरोपियन चौकट, २००१ साली आली तेव्हाच त्यात मेडिएशन होतं, फक्त त्याला लेव्हलप्रमाणे मोजपट्ट्या नव्हत्या. त्या आल्या २०१८ मध्ये, आणि पक्क्या स्वरूपात २०२०. पण ग्रीसवाले थांबले नाहीत, त्यांच्या केपीजी या सरकारी भाषा-परीक्षेत मोजपट्ट्या यायच्या कितीतरी आधीपासून ग्रीक मजकूर वाचून दुसऱ्या भाषेत सांगायचे प्रश्न होते. अर्थात त्यामुळे ग्रीक न येणारा माणूस त्या परीक्षेत अडकतो, आणि म्हणूनच जगभर चालणाऱ्या परीक्षा सहसा एकाच भाषेत खेळतात.

नवीन मोजपट्ट्यांमध्ये मात्र मला खरंच आवडलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे मजकुराच्या पलीकडे जाणं. गटात काम करताना दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणं, दोघांचं वाजलं तर मध्ये पडून दोघांना एकमेकांचं म्हणणं कळेल असं करणं, हेही तिथे लेव्हलप्रमाणे लिहिलंय. परीक्षेत हे नीट मोजायला अजून कोणाला फारसं जमलेलं नाहीये, असं माझं मत. कारण पार्टनर गप्प बसला तर तुम्ही मध्यस्थी करणार कोणाची? फीचं मी काही बोलत नाही.

प्रश्न: नवऱ्याच्या जॉबमुळे वलेन्सियाला आलेय. इथल्या सरकारी भाषाशाळेत स्पॅनिश बी२ ची परीक्षा देतेय, चार स्किल ठीक आहेत पण तो पाचवा भाग, मेदियासियोन, त्याची भीती वाटते. तो सोडून दिला तर चालेल का?

नाही गं, अजिबात नाही. स्पेनमध्ये २०१७ च्या शाही आदेशाने मेडिएशन आलं आणि २०१९ च्या आदेशाने मार्कांचा नियम ठरला: पाचही भागांत प्रत्येकी किमान ५० टक्के आणि सर्टिफिकेटसाठी सगळं मिळून ६५. म्हणजे बाकी चारात ९० पडले आणि यात ४५, तर सर्टिफिकेट नाही. बारीकसारीक नियम प्रांतागणिक वेगळे, ते शाळेच्या साईटवर बघ.

पण घाबरण्यासारखं काही नाहीये त्यात. बऱ्याचदा एखादं माहितीपत्रक, इन्फोग्राफिक किंवा छोटा लेख देतात आणि मित्राला त्याबद्दल लिही किंवा बोल म्हणतात. तोंडी भागात सगळ्यांची एकच चूक होते, कागदावरचं वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतात. कागद वाचून झाला की उलटा ठेवायचा असं घरी करून बघ, डोक्यात जे राहिलं ते त्या मित्राचं नाव घेऊन सांग, "तू म्हणालास ना तुला स्वस्तात हवंय, मग मंगळवारचा क्लास घे". त्या वाक्यात त्याची गरज पण आली आणि माहिती पण. अवघड शब्द आला तर त्याच्या शेजारी साधा शब्द ठेवायचा, उदाहरण द्यायचं, थांबून "कळलं का?" विचारायचं. मोजपट्टीत याच गोष्टी असतात, आणि भाजीवाल्याशी, शेजारणीशी तू हे रोज करतेसच की.

प्रश्न: नाशिकहून विचारतोय, आयईएल्टीएस मध्ये मेडिएशन आहे का? क्लासवाले सांगत नाहीत.

वेगळा सेक्शन नाही म्हणून सांगत नसतील. पण अकॅडमिक रायटिंगचा टास्क १, तो ग्राफ बघून किमान १५० शब्द लिहायचा, तो त्याच जातीचा आहे, सीईएफआरच्या मेडिएशनमध्ये ग्राफ आणि आकृत्या समजावून सांगणं येतंच. म्हणून सगळे आकडे ओतू नका, आधी एकूण काय दिसतंय ते दोन वाक्यांत, मग सगळ्यात मोठी चढउतार, आणि ती का झाली याचे तुमचे अंदाज अजिबात नकोत. २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका, टास्क २ ला, म्हणजे निबंधाला, दुप्पट वजन आहे.