परदेशात कार्ड की कॅश? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आम्ही दोघं पहिल्यांदाच युरोपला चाललोय. मुलगी म्हणते, दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं युरोत घेऊ का आपल्या चलनात, तेव्हा डोळे झाकून युरो दाबायचं. पण आपल्या चलनात आकडा दिसला तर किती गेले ते लगेच कळतं ना?

मुलगी बरोबर सांगतेय, तिचंच ऐका. आकडा लगेच कळतो हे खरं, पण त्या आकड्यामागचा रेट तुमची बँक ठरवत नाही, दुकानातलं मशीन चालवणारी मंडळी ठरवतात आणि त्यांचा नफा त्यात आधीच धरलेला असतो. युरो दाबलंत तर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्यांचा स्वतःचा रेट लागतो, त्यावर तुमची बँक मार्कअप, म्हणजे स्वतःची टक्केवारी, लावते, बऱ्याच कार्डांवर तो २ ते ३.५ टक्क्यांच्या आसपास असतो, काही कार्डांवर शून्य. आपल्या चलनाचं बटण दाबलंत तर फरक ४-५ टक्के सहज पडतो, कधी त्याच्या दुप्पटही, आणि व्यवहार परदेशात झाला म्हणून काही बँका वर स्वतःची फी लावतात ती वेगळीच. म्हणजे दोन्हीकडून फटका. या प्रकाराला डीसीसी (डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन) म्हणतात. २०२० पासून युरोपियन युनियनमधल्या कार्डांसाठी असा नियम आहे की हा रेट युरोपियन सेंट्रल बँकेच्या रेटपेक्षा किती टक्के महाग आहे ते पैसे घेण्याआधी ग्राहकाला दाखवायलाच हवं, तुमच्या कार्डावर ती दिसेलच असं नाही, तरी स्क्रीनवर ती टक्केवारी शोधा, एकदा बघितलीत की पुन्हा कुणी सांगायची गरज पडणार नाही.

आता खरी अडचण. कधी कधी वेटर किंवा दुकानदार स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. निवड ग्राहकानेच करायची असते, त्यामुळे पावती नीट वाचा. त्यावर दोन चलनांतले दोन आकडे दिसले, मध्ये रेट छापलाय आणि खाली बारीक अक्षरात 'मला चलन निवडायची संधी दिली होती' अशा अर्थाचं वाक्य असलं, तर डीसीसी लागलंय समजा आणि तिथेच उभं राहून व्यवहार कॅन्सल करून पुन्हा युरोत करायला सांगा. लाजू नका, हक्काचे पैसे आहेत. एकदा दुकानातून बाहेर पडलात की मग नुसती पत्रापत्री होते.

एटीएमवरही हेच. तिथे तर 'कन्व्हर्जन नको' असं बटण दाबायला लोक घाबरतात, वाटतं व्यवहारच रद्द होईल. होत नाही. पैसे मिळतात, फक्त रेट मशीनवाल्यांचा नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो.

प्रश्न : कॅश किती न्यावी? आणि कमी पडली तर क्रेडिट कार्डने एटीएममधून काढली तर चालेल का?

क्रेडिट कार्डने काढू नका, अगदी अडलंच तर गोष्ट वेगळी. खरेदीवर जी बिनव्याजी मुदत मिळते ती कॅशला नसते, फी लागते आणि व्याज सहसा त्याच दिवसापासून सुरू होतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून घ्यायचं कार्ड) वापरा, आणि एटीएमची फी दर वेळी लागते म्हणून चार वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच जरा जास्त काढा, तेही शक्यतो बँकेच्या शाखेतल्या एटीएममधून.

किती न्यावी ते देशावर आहे. स्वीडनमध्ये कॅश घेत नाही अशी पाटी लावलेली दुकानं भरपूर, तर जर्मनी आणि जपानमधल्या लहान दुकानांत अजून कॅशच लागते (जपानात सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं, हे लक्षात ठेवा, ऐनवेळी जीव वाचतो). पहिल्या दिवसापुरती कॅश हातात असली की पुरे. विमानतळावरच्या काउंटरवर 'कमिशन शून्य' लिहिलेलं असलं तरी विकायचा आणि घ्यायचा रेट शेजारी शेजारी बघा, कमिशन तिथेच लपलेलं असतं. आणि नाणी तिथेच संपवून या, परतल्यावर सहसा कुणी बदलून देत नाही.

प्रश्न : हॉटेलवाल्यांनी चेक-इनला डेबिट कार्ड घेतलं आणि बिल भरूनही खात्यातले पैसे अडकून राहिले. फसवणूक आहे का ही?

नाही, फसवणूक नाही. ते पैसे कापलेले नसतात, डिपॉझिट म्हणून ब्लॉक केलेले असतात आणि सुटायला काही दिवस जातात. पण डेबिट कार्डावर तुमचेच खरे पैसे अडकतात आणि प्रवासात नेमके तेच लागतात, म्हणून काउंटरवर डिपॉझिटसाठी नेहमी क्रेडिट कार्ड द्या. भाड्याच्या गाडीचंही असंच, तिथे तर बरेचदा गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात.

प्रश्न : लंडनच्या ट्यूबमध्ये (तिथल्या मेट्रोत) एकाच दिवशी दोनदा जास्त भाडं कापलं गेलं, असं का?

आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन टॅप केला असेल. कार्ड तेच असलं तरी सिस्टीमला ती दोन वेगळी वाटतात, प्रवास अर्धवट धरला जातो आणि जास्तीत जास्त भाडं लागतं. दिवसभर एकच काय ते वापरा.

प्रश्न : घरात जुने पौंड सापडलेत, चालतील का?

कागदी (प्लॅस्टिकच्या नव्हेत) २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड अजूनही बदलून देते. डॉलर नेत असाल तर फाटके, पेनाने लिहिलेले नेऊ नका, बऱ्याच देशांत घ्यायला नकार देतात.

प्रश्न : कार्ड हरवलं तर?

म्हणूनच दोन कार्डं न्या, जमल्यास एक व्हिसा एक मास्टरकार्ड, आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवू नका. बँकेचे टोल-फ्री नंबर परदेशातून बरेचदा लागत नाहीत, तेव्हा परदेशातून लागणारा नंबर निघायच्या आधी कागदावर लिहून घ्या, कारण पाकिटासोबत फोनही गेला तर फोनमधल्या नंबरचा काय उपयोग. अ‍ॅपवरून कार्ड ब्लॉक करता येतं ते घरीच एकदा बघून ठेवा. आणि ओटीपी नेहमीच्या सिमवर येत असेल तर ते सिम रोमिंगवर चालू ठेवा, तिथे नवं सिम घेतलं म्हणून जुनं काढून बॅगेत टाकलं की ऑनलाइन पेमेंट अडतंच.