वेतोबाला चपला कशाला?

लिमरिक, आयर्लंड, २० जुलै

चि. ओजस यास अनेक आशीर्वाद.

आजीच्या फोनवरून पाठवलेला तुझा निरोप मी दोनदा ऐकला. कोकणात आरवलीला वेतोबाच्या देवळात तू चपलांचा ढीग पाहिलास, त्यातला एक जोड तुझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताहून लांब निघाला, आणि तू विचारलेस की वेतोबा हा देव आहे की भूत, आणि भूत असेल तर त्याला चपला कशाला लागतात. आजीने "असले विचारू नये" म्हणून विषय मिटवला, हेही तू तक्रारीच्या सुरात सांगितलेस. फोनवर याचे उत्तर घाईघाईत झाले असते, म्हणून लिहिते आहे.

वेताळ म्हणजे भुतांचा राजा. विक्रम राजाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा आणि राजाने तोंड उघडताच पुन्हा झाडाला जाऊन लटकणारा वेताळ तुला ठाऊकच आहे. अमावास्येच्या रात्री तो आपले भूतगण आणि मशाली घेऊन फेरीला निघतो, असे जुनी माणसे मानत. आता कोकणातल्या माणसाने काय केले ते पाहा. ज्याच्या हुकमात सारी भुते आहेत, त्यालाच गावाच्या राखणीला उभे केले, तर बाकीच्यांची आत शिरायची छाती होणार नाही, असा सरळ हिशेब त्याने मांडला. मग वेताळाच्या नावाला 'बा' जोडून त्याला विठोबा, खंडोबा यांच्या पंगतीत बसवले. 'बा' म्हणजे बाप. म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की तो भुतांचा राजा आहे आणि म्हणूनच गावाचा देव आहे. गोव्यात त्यालाच बेताळ म्हणतात, आणि तिथल्या बेताळभाटी या गावाचे नावही त्याच्यावरूनच पडले आहे.

राखणदार म्हटला की रात्री फिरणे आले, आणि फिरणे आले की चपला झिजणे आले. नवस फेडायला लोक वेतोबाला केळ्यांचा घड वाहतात, तसा चामड्याच्या चपलांचा जोडही वाहतात, आणि तो जोड त्याच्या मापाचा हवा म्हणून एवढा मोठा करून घ्यावा लागतो. मी साधारण तुझ्याच वयाची असताना माझ्या आजोबांनी पुजाऱ्यांना विचारून एक जुना जोड उलटा करून मला दाखवला होता. तळ टाचेकडे खरोखरच पातळ झाला होता आणि कडेचा टाका सुटला होता. उंदरांनी कुरतडले असेल, असे मी शहाणपणाने म्हटले, तेव्हा आजोबा म्हणाले, "उंदीर टाचेकडसूनच कित्याक खातले?" याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते. वेतोबा रात्री फिरतो असे मी मानत नाही. पण पावसाळ्यातल्या काळोखात, वीज गेलेली असताना, कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे या कल्पनेने मला लहानपणी झोप लागत असे, हे मात्र खरे आहे.

इथल्या लोकांचा रिवाज निराळा आहे. आपण एनिसकडे जाताना मोटरवेच्या कडेला, लाटूनजवळ, कुंपण घातलेले एक काटेरी झाड मी तुला दाखवले होते, ते आठव. हॉथॉर्नचे एकटे उभे झाड परींचे असते आणि ते तोडले तर अनर्थ होतो, अशी आयर्लंडमध्ये समजूत आहे. १९९९ साली रस्त्याच्या आखणीत ते झाड येत होते, तेव्हा एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने मोठी मोहीम उघडली. कॉनाक्ट प्रांताच्या परींशी लढायला निघालेल्या मन्स्टर प्रांताच्या परी याच झाडापाशी जमतात, असे त्याचे सांगणे होते. अखेर झाड राहिले आणि रस्ता त्याला वळसा घालून गेला. मात्र इथे परींना कोणी राखणीला ठेवत नाही. त्यांच्या वाटेला जायचे नाही, एवढाच नियम. त्यांचे नावही घेत नाहीत, 'भली माणसे' म्हणतात. हे ऐकून मला आपली आजी आठवली, कारण तीही दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाही, 'जनावर' म्हणते. आणि तिच्या लहानपणी घरात कांजिण्या आल्या की 'बाया आल्या' म्हणत असत.

आता तुझ्या मावसभावाने तुला हडळीची जी भीती घातली आहे, तिच्याविषयी. तिचे पाय उलटे असतात की नाही हा मुद्दा बाजूला ठेव. हडळ कोण होते, तर बाळंतपणात मेलेली बाई. आणि पिंपळावरचा मुंजा कोण, तर मुंज झालेला पण लग्नाच्या आधीच गेलेला मुलगा. डॉक्टर आणि औषधे नव्हती त्या काळी अशा बायका आणि अशी मुले घरोघरी जात असत. त्या बिचारीचे दुःख बाजूला राहिले आणि लोक तिलाच घाबरू लागले, याचा मला अजूनही राग येतो. आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. भुते उतरवण्याच्या नावाखाली माणसांना, त्यातही बायकांना, मारहाण होत आली आहे, आणि महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याच्या विरोधात कायदा झाला तो अशाच अघोरी प्रकारांसाठी. वेतोबाला चपला वाहणे आणि आजारी बाईला भगताच्या स्वाधीन करणे या दोन गोष्टी एका मापाने मोजू नकोस, आणि कोणी मोजू लागला तर त्यालाही सांग.

पुन्हा देवळात जाशील तेव्हा गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेले साकडे, चालू असताना हसू नकोस. गाऱ्हाणे घालणारा घाडी "बा देवा म्हाराजा" म्हणाला की सगळ्यांबरोबर तूही मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हण. तुझे आयरिश वळणाचे मराठी तिथे कोणालाही खटकणार नाही. चपलांना हात लावायचा असेल तर आधी पुजाऱ्यांना विचार. ते हो म्हणाले तर एखादा जुना जोड उलटा करून बघ आणि टाच झिजलेली आहे की नाही ते मला कळव.

आणि पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, संध्याकाळी एकटा जाऊ नकोस. पाण्यातले भूत, गिऱ्हा, ओढून नेईल असे आजी म्हणते. मी म्हणते की वर डोंगरात पाऊस झाला तर पाणी एकाएकी चढते. कारण तुला पटेल ते घे, पण जाऊ नकोस.

तुझी
आई