टक्केवारी कळली, छेद कुठला?

तुम्ही विचारलंय की मतदानाची टक्केवारी घसरली की लगेच 'लोक उदासीन झाले' म्हणतात, त्यात स्थलांतराचा वाटा किती? बराच. किती मतं पडली ते नीट मोजलेलं असतं. किती जणांपैकी पडली, तिथे घोळ असतो.

१००० नावांची यादी घ्या. मतं पडली ६००, म्हणजे ६० टक्के. आता यातले २०० जण कामासाठी केव्हाच दुसरीकडे गेलेत, नावं मात्र इथेच. राहिलेल्या ८०० पैकी ६०० म्हणजे ७५ टक्के. ती २०० नावं वगळली तर पुढच्या खेपेला एकही मत न वाढता आकडा १५ने उडी मारतो. पण त्या २०० जणांची नव्या ठिकाणी नोंद झाली का? नसेल तर ते कुठल्याच छेदात नाहीत. मत न देणारा निदान आकडेवारीत दिसतो, हे तेवढेही दिसत नाहीत. खरी गोम इथे आहे, आणि चर्चेत नेमकी हीच सुटते.

बिहारमध्ये २०२५च्या विशेष सखोल पुनरीक्षणाआधी, म्हणजे मतदार यादीच्या नव्याने तपासणीआधी, यादीत सुमारे ७.८९ कोटी नावं होती, अंतिम यादीत ७.४२ कोटी. नोव्हेंबरात मतदान झालं ६७ टक्क्यांच्या आसपास. तीच मतं जुन्या यादीने भागली तर आकडा साधारण चारने खाली येतो. २०२०पेक्षा प्रत्यक्ष मतंही बरीच वाढली होती, त्यामुळे सगळं श्रेय यादीला देऊ नका.

परदेशातून येणाऱ्यांचं गणित वेगळं. अमेरिकेत १८ वर्षांवरची सगळी लोकसंख्या छेदात धरायची पद्धत होती, म्हणजे नागरिक नसलेलेही त्यात. १९७२नंतर मतदान घसरतंय अशी ओरड चालायची. २००१मध्ये मॅकडॉनल्ड आणि पॉपकिन या अभ्यासकांनी मताधिकार नसलेल्यांना वजा केलं, तर ती घसरण जवळपास नाहीशी झाली. लक्झेंबर्गमध्ये तर निम्म्याच्या आसपास रहिवासी परदेशी नागरिक. त्यांना संसदेसाठी मत नाही. बाकीच्यांपैकी बहुतेकांना मतदान सक्तीचं. यादीवर टक्केवारी भरघोस, प्रौढ लोकसंख्येवर काढली की धाडकन खाली.

आपल्याकडे निवडणूक ड्युटी केलेल्यांना एएसडी यादी माहीत असते: गैरहजर, स्थलांतरित, मृत. केंद्राध्यक्षाच्या टेबलावर ती असते, पण टक्केवारी काढताना त्यातलं एकही नाव छेदातून वजा होत नाही. माझ्या एका केंद्रावर एकाच घरातली पाच नावं ओळीने स्थलांतरित म्हणून लागली होती. संध्याकाळी त्यातला एक जण खांद्यावर बॅग घेऊन थेट प्रवासातून आला. ओळखपत्र बारकाईने पाहिलं, सहीबरोबर अंगठाही घेतला, मत देऊन गेला. उरलेल्या चौघांना आम्ही 'मतदान न केलेले' म्हणून मोजलं.