उभ्या गाडीतला संडास बदलताना

भाऊ, राहायची गाडी (कॅराव्हॅन) वावरात कायमची उभी केली ना, मग वजनाची काळजी सोड. फिरत्या गाडीला प्लास्टिकचं हलकं भांडं बरं. तू चिनी मातीचंच घे, घासायला सोपं जातं.

पण घरचा टाकीवाला कमोड बसवू नको. तो एका वेळी 6 ते 10 लिटर पाणी सोडतो. खालची मैल्याची टाकी 100 लिटरची असली, तर 10-15 वेळांतच काठोकाठ! गाडीसाठीच्या भांड्याला लिटरभर पुरतं.

जुनं भांडं काढलं की खालच्या भोकाच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोज. मी न मोजता नागपूरहून आणलं, दोन बोटांनी अडलं.

आणि आपण दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर भांड्याच्या तळाशी असलेल्या झडपेच्या रबरावर चढतो. मग झडप नीट टेकत नाही, भांड्यातलं पाणी हळूहळू उतरतं, अन् उन्हाळ्यात दुपारी खालच्या टाकीच्या वासानं आत बसवत नाही. म्हणून रबर सुटं मिळतं का, हे दुकानदाराला पहिले विचार. थर चढला तर लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर ठेव. ॲसिड ओतू नको, रबर खराब होईल.