एक्स-रे द्वैती ताऱ्याची तबकडी नुसत्या वर्णपटावरून अभ्यासता येते का?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात बीएस्सीला असताना, हाताशी छोटीच दुर्बीण असताना, एक्स-रे द्वैती ताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरणाऱ्या, एक्स-रे सोडणाऱ्या जोडीच्या) तबकडीचा अभ्यास जमेल का. जमेल. एक्स-रे जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यांना अ‍ॅस्ट्रोसॅटसारखा उपग्रह लागतो. पण तबकडीचा तांबडा प्रकाश पन्हाळ्यावरसुद्धा पोचतो.

मी बी-ई ताऱ्यांच्या (वर्णपटात उजळ रेषा दिसणाऱ्या, तापलेल्या बी वर्गाच्या ताऱ्यांच्या) जोड्यांपुरतं सांगतो, माझा जीव त्यांच्यातच अडकलाय. ओली छत्री गरकन फिरवली की काठावरून पाणी उडतं. तसा हा तापलेला तारा इतका जोरात फिरतो की विषुववृत्तावरून वायू बाहेर पडून भोवती तबकडी तयार होते. जोडीदार न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा) लांबट कक्षेतून जवळ आला की त्यातलाच वायू ओढतो आणि एक्स-रे भडकतात.

दुर्बिणीतून हे सगळं एक ठिपकाच दिसतं. आकार कळतो तो वर्णपटातल्या हायड्रोजन-अल्फा या तांबड्या रेषेवरून, ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला. तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, म्हणून रेषेला दोन शिंगं फुटतात. बाहेरचा वायू सावकाश फिरतो, त्यामुळे शिंगं जितकी जवळ तितकी तबकडी मोठी. समजा ताऱ्याच्या कडेचा वेग सेकंदाला २५० किमी आहे आणि शिंगांमधलं अंतरही तेवढंच. म्हणजे तबकडीच्या काठावर वेग १२५, निम्मा. केप्लरच्या हिशोबानं वेग निम्मा तर अंतर चौपट. ताऱ्याच्या चौपट त्रिज्येची तबकडी, एका रेषेवरून! (तारा जवळजवळ फुटायच्या वेगानं फिरतोय असं इथं धरलंय.)

ययाती तारकासमूहातल्या एक्स पर्सेई या अशाच जोडीची ही उत्सर्जन (उजळ) रेषा १९९० च्या सुमारास चक्क नाहीशी झाली. अख्खी तबकडी विरली होती. काही वर्षांनी ती परत भरली.

सुरुवात मात्र शर्मिष्ठेच्या मधल्या ताऱ्यापासून करा. तो सराव म्हणून. १८६६ मध्ये सेक्की यांनी याच ताऱ्यात हायड्रोजनची अशी तेजस्वी रेषा पहिल्यांदा पाहिली, मात्र अल्फा नव्हे, बीटा. नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेला साधारण ४६ अंशांवर असतो. मिलिमीटरला १०० रेषांची, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी कॅमेऱ्यापुढं लावून आम्ही पन्हाळ्याच्या वाटेवर त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा तांबड्या पट्ट्यात एक बारका उजळ ठिपका उठून दिसला. शेजारच्या ताऱ्याच्या पट्ट्यात त्याच जागी काहीच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिंगं वेगळी दिसायला मात्र ३००० च्या वरची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांब्या वेगळ्या दाखवायची ताकद) लागते, ती या जाळीत नाही. त्यासाठी पॅरिस वेधशाळेचा बेस नावाचा खुला संग्रह बघा. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी घेतलेले वर्णपट त्यात फुकट मिळतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रेषेचं सरकणं मोजताना पृथ्वीचा स्वतःचा वेग वजा करा, तो सेकंदाला ३० किमीपर्यंत जातो. ही दुरुस्ती राहिल्यामुळे मी दोन दिवस पृथ्वीचंच फिरणं ताऱ्याची कक्षा समजत होतो. हवेतल्या बाष्पाच्या बारीक रेषाही नेमक्या याच भागात घुसतात, त्या वेगळ्या काढा.

आज रात्रीच एक्स पर्सेईचे दहा वर्षांचे वर्णपट उतरवून घ्या आणि तारखेप्रमाणे एकाखाली एक लावा. कधी डावं शिंग उंच होतं, कधी उजवं, ते आधी नुसतं डोळ्यांनी बघा. सूत्रं त्यानंतर.