मुरुक्कू, चकली आणि पीळ

प्रश्न असा आहे: घरच्या घरी मुरुक्कू करायची कृती मराठीत लिहायची आहे. मुरुक्कू म्हणजे चकलीच, मग सरळ 'चकली' का लिहू नये? आणि या शब्दाचं आपल्या 'मुरका', 'मुरडणे' यांच्याशी काही नातं आहे का?

'चकली' लिहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तमिळमध्ये 'मुरुक्कु' हे क्रियापदही आहे. अर्थ पिळणे, पीळ देणे. दोरीला, ओल्या कपड्याला, मिशीला. पीळ दिलेल्या मिशांना तिकडे 'मुरुक्कु मीसै' म्हणतात. म्हणजे खायच्या मुरुक्कूला अर्थाने सर्वांत जवळचा मराठी शब्द 'पीळ'. सुंभ जळला तरी जात नाही, तोच.

साच्यातून पाडलेल्या मुरुक्कूत हा पीळ दिसत नाही, म्हणून घोटाळा होतो. तो दिसतो 'कै मुरुक्कु'त. 'कै' म्हणजे हात. माटुंग्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या तमिळ मामींकडे मी तो पहिल्यांदा होताना पाहिला. तांदूळ भिजवून, निथळून, कापडावर जेमतेम सुकवून दळलेलं आणि बारीक चाळलेलं पीठ. त्याच्या चार वाट्यांना भाजलेल्या उडदाच्या डाळीचं लहान वाटीभर पीठ. लोणी, हिंग, जिरं, मीठ. मामींनी लिंबाएवढा गोळा मुठीत घेतला आणि अंगठा नि तर्जनी यांच्यामधून पीठ पुढे सोडत, प्रत्येक वेळी बोटं किंचित फिरवत, कापडावर वेढे घालायला सुरुवात केली. पिठाला थेट सुंभासारखा पीळ पडत होता. मी करायला गेले तेव्हा अर्ध्या वेढ्यातच पीठ तुटलं. "तण्णि, तण्णि," म्हणत मामींनी गोळ्यावर पाण्याचा हबका मारला आणि तो पुन्हा मळून दिला. पीठ मऊ असल्याशिवाय पीळ धरत नाही, हे तेव्हा बोटांना कळलं.

वेढ्याला त्या 'सुत्तु' म्हणायच्या. मुरुक्कू किती सुत्तुंचा, हे मोजून सांगतात. तमिळ लग्नात 'सीर' म्हणून, आपल्या रुखवतासारखे, मोठाले मुरुक्कू मांडतात, ते कितीतरी वेढ्यांचे असतात.

याच धातूची दुसरी बाजू मला फार आवडते. 'मुरुगु' म्हणजे पीळ बसणे, आणि पदार्थ भाजून कडक होणे हेही. कडक, कुरकुरीत डोसा हवा असेल तर तमिळ माणूस 'मुरुगल दोसै' मागतो. पिळाला आणि कुरकुरीतपणाला एकाच धातूने कवेत घेतलंय. मराठीत आपल्याला 'पीळ' वेगळा आणि 'कुरकुरीत' वेगळं सांगावं लागतं.

'चकली'ची गोष्ट निराळी. मराठी कानाला त्यात चाक ऐकू येतं, म्हणजे शब्द आकाराचा. कन्नडमध्ये तिला 'चक्कुलि' म्हणतात आणि हा संस्कृत 'शष्कुली'चा तद्भव मानला जातो. आयुर्वेदात कानाच्या बाहेरच्या वळणदार भागाला 'कर्णशष्कुली' म्हणतात. कानाकडे नीट पाहिलं की ते वेटोळं लगेच पटतं.

शिवाय 'चकली' वाचलं की मराठी घरात भाजणीचा डबा निघणार. तांदळाबरोबर हरभऱ्याची, उडदाची, मुगाची डाळ, धणे, जिरे भाजून दळलेली भाजणी, वर तिखट, हळद आणि कडकडीत मोहन. मुरुक्कू मुख्यतः तांदळाचा, फिकट रंगाचा. काटेरी साच्याचा तो 'मुळ्ळु मुरुक्कु' (मुळ्ळु म्हणजे काटा, चकलीला काटा आला पाहिजे असं आपणही म्हणतोच). गोल भोकांच्या ताटलीतून पाडलेला, गुळगुळीत तो 'तेन्कुळल', शब्दशः मधाची नळी. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातल्या मणप्पारैचा मुरुक्कू दोनदा तळतात. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

'मुरका' आणि 'मुरडणे' यांबद्दल: उच्चार जुळतो, वळण्याचा अर्थही जुळतो, पण तेवढ्यावर मी नातं जोडणार नाही. तमिळमध्ये 'र' दोन आहेत आणि 'मुरुक्कु'त आहे तो कठोर. हातांची क्रियाही वेगळी. करंजीला मुरड घालताना आपण कड दुमडत जातो, मुरुक्कूत अख्ख्या पिठालाच पीळ बसतो.

लिहिताना मराठीच्या नियमाने शेवटचा उकार दीर्घ करा: मुरुक्कू. लिंग 'लाडू'सारखं: तो मुरुक्कू, ते मुरुक्कू, मुरुक्कूचं पीठ. साच्याचे असतील तर 'पाडा' लिहा. हाताचे असतील तर 'वळा'; शेवया आणि गव्हले आपण वळतो, तसेच हेही.