आरसीवर नाव कुणाचं आहे?

सातपूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. 2019 सालची 150 सीसी मोटरसायकल, मीटरवर 91,000 किलोमीटर, किंमत 42 हजार. विकणारा ओळखीतला, जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा. विमा संपलाय, पण 'तो काढून देतो' म्हणाला आहे. पाच हजार टोकन रोख देऊन झालं, पावती घेतली नाही. प्रश्न एवढाच की इतकी चाललेली गाडी घ्यावी का. पत्राच्या अगदी शेवटी, कंसात एक ओळ आहे: आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) मूळ मालकाच्या नावावर आहे, ते नाशिकरोडचे, आता पुण्याला असतात, पण त्यांच्या सह्यांचे टीटीओ, म्हणजे मालकी बदलण्याचे, फॉर्म तयार आहेत, ट्रान्सफर नंतर कधीही करता येईल.

गाव आणि गाडी बदलून हेच पत्र माझ्याकडे वारंवार येतं. आणि दर वेळी महत्त्वाची ओळ कंसातच असते.

किलोमीटरवर फार वेळ घालवत नाही. सिन्नरहून अंबडच्या कंपनीत रोज ये-जा करणाऱ्याची गाडी सहा-सात वर्षांत एवढी चालतेच. इंजिनात किती जीव उरलाय हे मेकॅनिक सांगेल. तो तुमचा असावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. मला तर 91 हजार दाखवणारं मीटर त्यातल्या त्यात बरं वाटतं. 2016 ची गाडी अठराच हजार चालली आहे असं सांगणारा भेटला, तर जास्त घाबरावं. मीटर फिरवलेलं निघालं तर काय, असंही तुम्ही विचाराल. करार कायद्याचं कलम 19 अशा वेळी सौदा रद्द करायचा हक्क देतं, पण त्याला एक अपवाद जोडलेला आहे: साधी चौकशी करून खरं कळण्यासारखं होतं, तर विक्रेता चुकीचं बोलला किंवा गप्प राहिला एवढ्यावर सौदा मोडता येत नाही. म्हणून जुनी सर्व्हिसची बिलं आधी मागा आणि मीटरचा आकडा विक्रीच्या पावतीत लिहून घ्या. जाणूनबुजून खोटा आकडा लिहून दिला असेल तर ती फसवणूक ठरू शकते. ठरेलच असं म्हणत नाही, तो पुराव्याचा प्रश्न आहे.

आता कंसातली ओळ.

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 2, पोटकलम 30. मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. कर्जावरच्या गाड्यांसाठी थोडा वेगळा नियम आहे, तो सध्या बाजूला ठेवू. पैसे कुणी मोजले, चावी कुणाच्या खिशात आहे, दारात कुणाच्या उभी असते, याला अपघाताच्या दाव्यात फारशी किंमत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. मालकाने कार विकली, ती एकामागून एक अनेकांच्या हातात गेली, नोंद मात्र कुणीच बदलली नाही. मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर टाकली, म्हणजे ज्याने ती कार केव्हाच विकली होती त्याच्यावर.

यावर तुम्ही म्हणाल, हे त्या पुण्याच्या गृहस्थांचं दुखणं झालं, माझं काय बिघडलं? हेच ऐकून ऐकून माझा संयम संपत आलाय. तुमचं काय बिघडतं ते सांगते.

'विमा काढून देतो' म्हणजे तो कुणाच्या नावावर निघणार? आरसीवर ज्याचं नाव, त्याच्या. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळायला तीन गोष्टी लागतात: गाडी चालवणारा आरसीवरचा मालक हवा, पॉलिसी त्याच्याच नावावर हवी, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. तुमच्याकडे यातलं फक्त लायसन्स असेल. द्वारका सर्कलला पावसात गाडी घसरली, किंवा दिंडोरी रोडला रात्री म्हैस आडवी आली, तर हे 15 लाख तुमच्या घरच्यांना मिळणार नाहीत. इतरांच्या नुकसानीसाठी असलेल्या थर्ड पार्टी विम्यातूनही नाही, कारण स्वतः गाडी चालवणारा हा त्या गाडीच्या विम्यासाठी 'तिसरा पक्ष' नसतो. दुसऱ्याची गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विम्यातून भरपाई मागता येईल, ती वाट खुली असते. पण चूक तुमची ठरली किंवा समोर वाहनच नव्हतं, तर हात रिकामे. गाडी चोरीला गेली तर तेच. मालकी बदलल्यावर थर्ड पार्टीचं संरक्षण कलम 157 प्रमाणे नव्या मालकाकडे आपोआप जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं जात नाही, हे बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं आहे. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. आणि आरसी नावावर नसताना तुम्ही कंपनीला कळवणार तरी काय?

'ट्रान्सफर नंतर कधीही' हेही साफ चूक. कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. उशिराचा दंड जीव घेणारा नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. खरा धोका दंडापेक्षा मधल्या काळात आहे. अर्ज आता परिवहनच्या पोर्टलवर भरला जातो, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो. वर्षभराने त्या गृहस्थांनी नंबर बदललेला असला, किंवा ते तुमचा फोनच उचलत नसले, की तुमच्याकडचे सह्यांचे कागद पेठ रोडच्या आरटीओत घेऊन फिरत बसा. दुर्दैवाने ते वारले तर त्या सह्या संपल्याच. मग वारसाच्या नावावर आधी फॉर्म 31 ने नोंद, त्यानंतर तुमची पाळी. मागची तारीख टाकून काम उरकून देतो म्हणणारे एजंट भेटतील. मृत माणसाच्या कोऱ्या सहीवर तारीख घालणं हा गुन्हा आहे, आणि त्या कागदावर खरेदीदार म्हणून नाव तुमचं असेल, एजंटाचं नव्हे.

तर गाडी घ्यायची की नाही, हे पुण्याला एक फोन करून ठरेल. मधल्या माणसाकडून मालकांचा नंबर मागा. तो द्यायला का-कू करत असेल, तर विचार तिथेच सोडा. नंबर मिळाला तर त्यांना नीट समजावून सांगा: 'गाडी अजून तुमच्या नावावर आहे, अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येईल, त्यामुळे एक दिवस नाशिकला येऊन ट्रान्सफर पूर्ण करण्यात तुमचाच फायदा आहे.' बहुतेक लोक हे ऐकल्यावर येतात. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, सह्या त्यांच्या तुमच्यासमोर, आणि बाकीचे 37 हजार बँकेतून त्यांच्याच खात्यात. मधल्याचं कमिशन ते दोघे बघून घेतील.

एक शक्यता उरते. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी नियम आहेत. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची रीतसर नोंद झाली, की डीलरच मालक मानला जातो आणि पुढची विक्री तो करू शकतो. तुमच्या ओळखीच्या माणसाकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल आणि या गाडीची अशी नोंद असेल, तर वर लिहिलेलं बरंचसं गळून पडतं. मागून बघा. पत्राच्या सुरावरून मला ती आशा कमीच आहे.

बाकीचं झटपट. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 यांशिवाय पुढे जाऊ नका. गाडीच्या नंबरवर किती ई-चलान थकलेत ते महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतं. ते कोण भरणार हे सौद्यातच ठरवा. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेली असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसली आहे का तेही पाहा, नाहीतर आरटीओत काम अडू शकतं. 2019 ची गाडी असल्याने पहिली पाच वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी 2024 मध्येच संपली असणार. तेव्हापासून गाडी विम्याशिवाय रस्त्यावर होती का आणि त्या काळात काही अपघात झाला का, हे पुण्याच्या फोनवरच विचारून घ्या. नवी पॉलिसी निघून नावावर होईपर्यंत ट्रायललासुद्धा ती रस्त्यावर काढू नका.

राहिलं टोकन. रोख, बिनपावतीचं. व्हॉट्सॲपवर 'पाच मिळाले' असं काही त्याने लिहिलं असेल तर ते चॅट पुसू नका. कोर्टात दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल. वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण पाच हजारांसाठी दिवाणी दावा लावा असं मी सांगणार नाही. नाशिकच्या कोर्टात समन्स बजावलं जाईपर्यंत ही गाडी लाखाच्या पुढे गेलेली असेल. त्यापेक्षा आज रात्रीच त्याला मेसेज करा: मूळ मालक अमुक तारखेपर्यंत ट्रान्सफरला आले तर सौदा पक्का, नाही आले तर पाच हजार परत. त्याने 'ठीक आहे' एवढं लिहिलं तरी न घेतलेल्या पावतीचं काम बऱ्याच अंशी होईल.